दुसरी बैठक

१

लिबियातल्या गदामिसच्या जुन्या गावात शिरल्यावर पाहुण्यांची पहिली चूक ठरलेली असते. ते वर बघतात.

गल्ल्या आमच्या छपराखालच्या. डोक्यावर घरं, घरांवर गच्च्या, आणि मधूनमधून आभाळाचा चौकोनी तुकडा दाखवणारे झरोके. बाहेर वाळवंट भाजत असलं तरी गल्लीत गारवा असतो. पाहुणे झरोक्याखाली थांबतात, मान वर करतात, फोन वर करतात. मी म्हणतो, "खाली बघा. वर बायकांचं गाव आहे."

ते हसतात. मग मी समजावतो. खालच्या गल्ल्या पुरुषांच्या, वरच्या गच्च्या बायकांच्या. गच्चीला गच्ची लागलेली. बाई या टोकाच्या घरातून त्या टोकाच्या घरात जाऊन यायची आणि तिचा पाय जमिनीला लागायचा नाही. खालच्या कुणाशी काम असलं तर झरोक्यातून हाक मारायची. माझा नवरा आहे का तिथे? पिठाची गोणी आली का? ज्याच्या कानावर पडेल त्याने उत्तर द्यायचं, पण मान वर करायची नाही. आम्ही असेच वाढलो. आता वर फक्त मांजरं राहतात. गाव केव्हाच नव्या सिमेंटच्या घरांत गेलं. तिथे एसी आहे, आणि शेजारणीकडे जायला बायकांना रस्ता ओलांडावा लागतो.

माझं नाव तुहामी. सरकारी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो आणि तेव्हापासून लोकांना माझंच घर दाखवतो. भूगोलाच्या तासाला मुलं जांभया द्यायची, पाहुणे देत नाहीत, एवढाच फरक. झऱ्याचं कुंड, जुनी मशीद, तुतीचा चौक, आणि शेवटी आमचं घर, हा माझा रस्ता. तो बदलायचं मला कधी कारण पडलं नाही.

घरात खाली धान्याची कोठी, जिना चढला की मधली खोली. तिला खिडकी नाही. छतात एक झरोका, त्यातून येणारं ऊन भिंतींवरचे आरसे एकमेकांकडे टोलवतात आणि खोली उजळते. भिंतींवर लाल नक्षी आहे. ती लग्नाआधी नवरीने स्वतःच्या हाताने काढायची असते. ही माझ्या बायकोने, तबराने काढलेली. एका कोपऱ्यातला त्रिकोण वाकडा आहे. तिला तो शेवटपर्यंत खुपत होता, मला नाही.

आणि एका बाजूला कुब्बा. कोनाड्यापेक्षा मोठा, खोलीपेक्षा लहान, समोर भरजरी पडदा. पाहुणे खरे येतात ते हा बघायला. "इथे बाई जन्मात दोनदाच बसते," मी सांगतो. "एकदा लग्नाच्या रात्री. दुसऱ्यांदा नवरा मेल्यावर. अंगावर पांढरं, दागिना नाही, हाताला मेंदी नाही. गावातल्या बायका गच्च्यांवरून येतात आणि तिला भेटून जातात. त्या वेळी खोलीतले सगळे आरसे भिंतीकडे तोंड करून फिरवतात. थोडक्यात काय, पहिल्यांदा नवरा आला म्हणून बसायचं, दुसऱ्यांदा गेला म्हणून."

यावर गच्चीवरच्या स्वयंपाकघरातून, पाहुण्यांसाठी चहा उकळता उकळता, तबरा ओरडायची, "दुसऱ्यांदा जास्त निवांत बसता येतं म्हणे!" आणि सगळे खो खो हसायचे. आमचा हा प्रयोग वर्षानुवर्षं चालला.

मागच्या हिवाळ्यात तबरा गेली. छातीत दुखतंय म्हणाली, मी गाडी काढेपर्यंत संपलं होतं. आता तिचं वाक्य मीच म्हणतो. "माझी बायको म्हणायची, की." पाहुणे हसतात, पण पूर्वीइतकं नाही. वाक्य तिच्या तोंडीच शोभायचं.

आरशांबद्दल एक राहिलं. ते पुसायचं काम तिचं. दारावरचा एक मात्र तिच्या हाताला येत नसे, ठोकळ्यावर चढली तरी. ठेंगणीच होती. मग ती खजुराच्या खोडाचा तो ठोकळा त्या आरशाखाली सरकवायची आणि मला हाक मारायची. "मास्तर, अल्लाहने तुम्हाला उंची दिलीय ती काय नुसती फळ्यावर लिहायला? तेवढा पुसा." मी चढायचो, पुसायचो. हे मी पाहुण्यांना सांगत नाही.

२

वसंत संपत आला होता. एके सकाळी पाहुणे यायच्या आधी मी घर उघडलं, वर गेलो, आणि खोली रोजच्यापेक्षा जराशी मंद वाटली. डोळ्यांवर झापड असेल म्हणून चोळले. मग दिसलं, कुब्ब्याशेजारचा एक आरसा भिंतीकडे तोंड करून होता.

आदल्या दिवशी त्रिपोलीची मोठी मंडळी येऊन गेली होती, सोबत बरीच पोरं. त्यांच्यातल्या कुणी तरी फिरवला असणार. मी सगळं सांगतो, त्यांनी करून पाहिलं. शिकवण्याचा असा परिणाम शाळेत कधी दिसला नव्हता. मी आरसा सरळ केला आणि विसरलो.

दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा फिरलेला होता, आणि त्याच्या शेजारचाही.

मला अशा वेळी एक सवय आहे. मी कारणं एकेक करून खोडतो. वारा? आत वारा शिरत नाही. मांजर? मांजर आरसा पाडेल, फोडेल. दोरीवरून उतरवून, पाठ पुढे करून, पुन्हा खिळ्यावर नीट टांगणार नाही. पाहुणे? कालच्यांत दोन म्हातारे फ्रेंच होते, त्यांना जिना चढवतानाच माझी पुरेवाट झाली. मग उरलं काय? उरला मी. तबरा गेल्यापासून मी दुधाचं भांडं गॅसवर ठेवून विसरतो, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो. मीच फिरवले असतील. हे कारण मला आवडलं नाही, पण खोडताही येईना.

शुक्रवारी मी पाहुणे घेत नाही. नमाजानंतर एकटाच घरी गेलो. फिरलेल्या आरशांची आता सबंध एक भिंत झाली होती. त्यांच्या पाठी साध्या लाकडाच्या, त्यांवर धूळ असायला हवी होती. धूळ नव्हती. कुणीतरी पाठी पुसून मग आरसे टांगले होते.

कुब्ब्याचा पडदा मी नेहमी अर्धा बांधून ठेवतो, फोटो चांगला येतो म्हणून. तो सोडलेला होता.

मी पडदा बाजूला केला नाही. का, ते तेव्हाही सांगता आलं नसतं. आरसे सरळ केले, पडद्याची गाठ आतल्या बाजूला न बघता हातानेच बांधली आणि खाली आलो. जिन्यावर माझ्या लक्षात आलं की मी पाय न वाजवता उतरतोय, आपल्याच घरात.

३

हे काम कुणाचं ते मला कळल्यासारखं झालं. मबरूकाचं.

मबरूका म्हणजे तबराची धाकटी बहीण. आमच्यात रीत अशी, की बाई नवऱ्याआधी गेली तर कुब्ब्याचा पडदा उतरवून तिच्या माहेरी पाठवायचा. कुब्बा उघडा करायचा, गाद्या उचलायच्या, विषय संपला. तबराच्या चाळिसाव्या दिवशीच मबरूकाने पडदा मागितला होता. मी दिला नाही. पाहुण्यांना उघडा कोनाडा काय दाखवू? शिवाय तो पडदा तबराने लावलेला होता, त्याची कडी न् कडी तिने शिवली होती. मबरूका तेव्हापासून माझ्याशी अर्ध्या तोंडाने बोलायची.

मी तिच्या नव्या घरी गेलो. तिने चहा उंचावरून ओतून फेस आणला, वर शेंगदाणे टाकले, आणि पेला माझ्यासमोर ठेवला.

"बोला भावोजी. वाट चुकलात का?"

"गच्चीवरून येतेस तू," मी म्हणालो. "तुमच्या जुन्या घराच्या गच्चीवरून आमच्या गच्चीवर. आणि आरसे फिरवतेस. मला घाबरवून पडदा काढून घ्यायचाय तुला."

 ती हसली. "मी? गच्चीवर? अहो, मला या पलंगावरून उठवायला सुनेला कंबर कसावी लागते. गुडघे बघा माझे. दोन टरबुजं झालीत."

"मग सुनेला पाठवत असशील."

"ती बेनगाझीची. जुन्या गावात शिरली तर दुसऱ्या दिवशी शोधायला माणसं पाठवावी लागतील." ती हसता हसता थांबली. "कोणते आरसे?"

मी सांगितलं. सांगताना ते फार क्षुल्लक वाटत होतं. मबरूकाने मात्र शेंगदाण्यांची वाटी बाजूला ठेवली.

"भावोजी, मी तुम्हाला तेव्हाच म्हणाले होते. माझी बहीण एकदा बसलीय. दुसऱ्यांदा बसायची तिची पाळी आलीच नाही, कारण ती आधी गेली. ठीक आहे, अल्लाहची मर्जी. पण तुम्ही तिची जागा मांडून ठेवलीत. गाद्या तशाच, पडदा तसाच. वर रोज उठून चार लोकांना ओरडून सांगता, बाई इथे दोनदा बसते, दोनदा बसते. ती ऐकत नसेल?"

"मेलेली माणसं ऐकत नाहीत."

"तुमची शाळेतली पोरंही ऐकत नव्हती. म्हणून तुम्ही बोलायचे थांबलात का?" ती पुढे वाकली. "मांडलेली जागा दिसली की बाईला वाटतं, आपली वाट बघताहेत. आणि ती तिथे बसायची तर आधी काय व्हायला लागतं, ते तुम्हाला माहीत आहे. पडदा काढा."

मी चहा अर्धा टाकून उठलो. रागावलो होतो, आणि रागापेक्षा मोठं काहीतरी होतं, ते मला घरी पोचेपर्यंत कळलं नाही. घरी पोचल्यावर कळलं. मला आनंद झाला होता. ती येत असेल, या विचाराने मला सरळसरळ आनंद झाला होता. भीती त्याच्या मागून आली.

४

तरी मी गच्चीच्या दाराला कुलूप घातलं. जुनं लाकडी कुलूप, हातभर लाकडी किल्ली. ती मी नव्या घरी आणून उशाशी ठेवली. भूगोलाच्या माणसाने निदान रस्ता तरी बंद करून बघावा.

सकाळी तुतीच्या चौकात हाज उमरान नेहमीच्या ओट्यावर बसला होता. उमरान माझ्याहून बराच थोरला. पूर्वी गल्लीच्या दरवाज्याची किल्ली त्याच्याकडे असायची. दरवाजा आता कुणी लावत नाही, पण तो येऊन बसतो आणि मातीत खड्ड्यांचा पट आखून खेळतो. त्याचे खडे, समोरच्याच्या खजुराच्या बिया. मी मध्ये मध्ये बसतो आणि हरतो.

मी बी उचलली आणि तेवढ्यात वरून आवाज गेला. सपातांचा, चामड्याच्या, मऊ तळाच्या. एकीचा नाही. तीन-चार जणी सावकाश, न बोलता चालत गेल्या. चौकाच्या छतावरून आमच्या गल्लीकडे.

उमरानने खडा सरकवला. "तुझी पाळी."

"हाज, ऐकलंत?"

"हो."

"कोण होतं?"

"बायका," तो म्हणाला, जसं कुणी म्हणेल की पाखरं.

"कोणत्या बायका? वर कोण राहतं आता?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, माझीच कीव आल्यासारखं. "अरे तुहामी, एवढं आयुष्य गेलं, मी कधी मान वर केलीय? ते आपलं काम नाही. खेळ."

मी खेळलो आणि हरलो. मग घरी गेलो. गच्चीचं कुलूप जागेवर होतं, किल्ली माझ्या खिशात. खोलीतल्या दोन भिंती पूर्ण फिरलेल्या. झरोक्यातलं ऊन आत येत होतं पण पुढे जायला त्याला कुणी नव्हतं. जमिनीवर एक चौकोन पडून राहिला होता. मी आरसे सरळ करायला हात लावला, आणि केले नाहीत. पाहुण्यांना सांगितलं, सफाई चालू आहे.

त्या दिवसापासून मी काहीच सरळ केलं नाही. खोली रोज थोडी काळोखत गेली. दारावरचा आरसा तेवढा शिल्लक राहिला, आणि का राहिला ते मला ठाऊक होतं. तो तिच्या हाताला येत नव्हता.

५

मिसराताहून काही शिक्षिका आल्या, त्यांच्यात सुआद नावाची एक चौकस बाई होती. प्रत्येक दगडाला तिचा एक प्रश्न. मी कोठीत बाकीच्यांना धान्याची मापं दाखवत होतो, तेवढ्यात ती विचारून पुढे गेली. "काका, वर जाऊ ना?" मी जा म्हणालो. दुपारच्या आधीची वेळ, सगळीकडे माणसं, मला काही वाटलं नाही.

ती थोड्याच वेळात खाली आली. चेहरा पडलेला. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "काका, माफ करा हं. घरात असं झालंय हे आधी सांगायचंत. आम्ही आलोच नसतो."

"काय झालंय?"

"त्या बसल्यात ना वर. पांढऱ्यात. मला वाटलं तुम्ही लोकांना दाखवायला बाहुली ठेवलीय, म्हणून मी पडद्याशी गेले, तर त्यांनी हात बाहेर काढला." सुआदने स्वतःचा हात पुढे करून दाखवला. "मग मी काय करणार? अल्लाह तुम्हाला धीर देवो म्हणाले आणि हातात हात दिला. बिचाऱ्यांचा हात गारठलाय अगदी. कोणी जवळ का नाही त्यांच्या?"

मी जिन्याच्या कठड्याला धरून उभा होतो. "काही बोलली?"

"विचारत होत्या, त्यांना आणलं का म्हणून. मी म्हटलं, मावशी, मी इथली नाही, मला माहीत नाही, खाली विचारून सांगते." ती थांबली. "आणलं का?"

"कुणाला?"

"त्यांच्या नवऱ्याला. कोण होते हो ते?"

मागे तिच्या मैत्रिणी धान्याच्या मापात हात घालून फोटो काढत होत्या. मी म्हणालो, गावातले एक मास्तर होते. सुआद म्हणाली, अल्लाह त्यांना जन्नत देवो. मी आमीन म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्या गेल्यावर मी वर गेलो. पडदा सोडलेला, खोली रिकामी, कसला आवाज नाही. उदाचा वास मात्र होता, आणि त्याच्याखाली दुसरा, जळक्या साखरेचा. चहा उतू गेला की आमच्या स्वयंपाकघरात यायचा तो.

६

मबरूका स्वतःच आली. सुआदने मशिदीशेजारच्या दुकानात कुणाला तरी आमच्या घरच्या मयताबद्दल हळहळून सांगितलं होतं, आणि गदामिसमध्ये बातमीला पाय लागत नाहीत. मबरूका सुनेच्या खांद्यावर भार टाकून गल्लीतून आली, आमच्या दारातल्या ओट्यावर टेकली आणि हातातली कापडी पिशवी माझ्या अंगावर टाकली.

"जा. काढा आणि आणा."

"गुडघ्यांना कशाला त्रास दिलास?"

"तुमच्यासाठी नाही आले. तुम्ही गेलात तर दर ईदला तुमच्या मुलीला कुणाकडे पाठवू? त्रिपोलीहून येते ती कोणाचं तोंड बघायला? जा म्हणते ना." तिचे डोळे भरले होते. तबराच्या मयताला ती रडली नव्हती. "बहीण तर गेलीच. आता तिच्याच हातून भावोजीही जायला नकोत मला."

मी पिशवी घेऊन वर गेलो. मनाचा निश्चय झाला होता, हे मी शपथेवर सांगतो. पडदा चार कड्यांवर असतो, काढायला काहीच वेळ लागत नाही.

खोलीत उजेड होता तो एकच. झरोक्यातलं ऊन दारावरच्या आरशावर, तिथून समोरच्या पडद्यावर. बाकी सगळ्या भिंती लाकडाच्या पाठींच्या. वाकडा त्रिकोणही दिसत नव्हता.

दारावरच्या आरशाखाली ठोकळा सरकवून ठेवलेला होता.

मी कितीतरी वेळ ठोकळ्याकडे बघत राहिलो. मी तो तिथे ठेवला नव्हता. पण असा ठेवलेला मी हजारदा पाहिला होता. जरासा डावीकडे, कारण मी उजव्या हाताने पुसतो. हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं.

"तबरा," मी म्हणालो.

पडदा हलला नाही. त्याच्या काठावर, आरशाच्या उजेडाच्या पट्ट्यात, चार बोटं होती. मेंदी नसलेली. अंगठी निघालेली, आणि अंगठीच्या जागी कातडीवर राहतो तसा पांढरा वळ. बोटं पडदा उघडत नव्हती. धरून थांबली होती, कुणी कामाला लावलेल्या माणसाची वाट बघत थांबावं तशी.

खालून मबरूकाचा आवाज आला. "काढला का?"

"काढतोय," मी म्हणालो.

मला तिची फार आठवण येते. एवढं साधं आहे ते. सकाळी कुणी मला मास्तर म्हणत नाही. मुलगी बाबा म्हणते, पाहुणे काका म्हणतात, मबरूका भावोजी म्हणते. मी पडद्याकडे जायला हवं होतं, आणि तो चार पावलांवर होता. ठोकळा एका पावलावर होता.

मी ठोकळ्यावर चढलो. हात आपोआप वर गेला, तसाच बाहीच्या टोकाने मी आधी काच पुसून घेतली. पुसल्यावर त्यात मागची खोली दिसते हे माझ्या डोक्यात आलं आणि मी डोळे खाली घेतले. मग आरसा खिळ्यावरून उतरवला, फिरवला, टांगला.

खोलीत काळोख झाला. मागे, पडद्याच्या आत, गादीवर कुणीतरी नीट सावरून बसल्याचा आवाज झाला.

"झालं का हो?" मबरूकाने खालून विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

खाली आलो तेव्हा तिने माझ्या हातातली पिशवी पाहिली. ती सपाट होती.  मबरूकाने सुनेचा खांदा धरला, उठली, आणि माझ्याकडे पाठ न करता, दारातून उलट्या पावलांनी बाहेर पडली. मयताच्या घरातून बायका निघतात तशी.

७

मला काही झालेलं नाही, हे सांगून टाकतो. जेवतो, झोपतो. मुलीचा आग्रह म्हणून त्रिपोलीच्या डॉक्टरला दाखवून आलो. तो म्हणाला, या वयात असं हृदय मिळणं भाग्याचं आहे. जुनं घर बंद ठेवलंय. पाहुण्यांना कुंडावरून आणि मशिदीवरूनच परत पाठवतो. ते विचारतात, घर का नाही? मी म्हणतो, घरात माणसं आहेत.

बाकी वेळ उमरानसमोर बसतो.

काल दुपारी आम्ही असेच बसलो होतो. डाव रंगात आला होता, आणि नवल म्हणजे मी जिंकत होतो. वरून सपाता जायला लागल्या. आधी थोड्या, मग पुष्कळ. सगळ्या एकाच दिशेने, सगळ्या सावकाश. इतक्या बायका गच्च्यांवरून जाताना मी फक्त लहानपणी ऐकल्या होत्या, आणि त्या कुठल्या घरी जायच्या ते तेव्हा आम्हा पोरांनाही कळायचं. मी मान खाली घालून पटाकडे बघत होतो. माझ्या बिया आणि त्याचे खडे.

बरोबर आमच्या डोक्यावरच्या झरोक्याशी सपातांची एक जोडी थांबली. मातीत पडलेला उन्हाचा चौकोन अर्धा झाकला गेला.

"ऐकलं का," बाईचा आवाज आला. आवाज म्हातारा होता, घाईत नव्हता. "आणलं का त्यांना?"

उमरानने मान वर केली नाही. त्याने एक खडा उचलला, कुठे ठेवावा याचा विचार केला, आणि पटावरची नजर न काढता, जन्मभराच्या सवयीने उत्तर दिलं.

"अजून नाही," तो म्हणाला. "इथेच बसलाय."